बाल्कनीतून सोडलेली किल्ली पहिल्या क्षणी काय करते?

वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आणि ईमेलमध्ये पडणाऱ्या, घरंगळणाऱ्या वस्तूंवरचीच पत्रं जास्त होती, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि ही पाच पत्रं एकत्र घेतली. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण बाकीच्या चारही पत्रांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही कोथरूडला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हे खाली उतरले की स्कूटरची किल्ली हमखास वर राहिलेली असते, मग मी बाल्कनीतून खाली टाकते, वर्षानुवर्षं हेच चालू आहे. परवा मुलगी बाजूला उभी होती, नववीत आहे. ती म्हणाली, आई, तू किल्ली सोडतेस तेव्हा तिचा वेग शून्य असतो ना, मग शून्य वेगाची वस्तू जागची हलतेच कशी? सरांनी वर्गात सांगितलं की सूत्रात यू ची, म्हणजे सुरुवातीच्या वेगाची, किंमत शून्य घाल, तिने घातली, उत्तर बरोबर आलं, पण तिचं समाधान काही होत नाहीये. मला पण सांगता आलं नाही. — एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, तिचं समाधान झालं नाही ते बरंच झालं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे नियम हा पहिलाच धडा आहे, त्यातली तीन समीकरणं पोरं धडाधड पाठ करतात आणि यू शून्य घालून पुढे जातात, पण त्या शून्याचा अर्थ काय यावर थांबायला कुणाला वेळ नसतो.

तिला आधी हे विचारा, की बँकेत नवीन खातं उघडलं, शिल्लक शून्य, तर शिल्लक शून्य आहे म्हणून पगार जमा व्हायचा थांबतो का? नाही ना. शिल्लक किती आहे ही एक गोष्ट आणि दर महिन्याला भर किती पडते ही दुसरी. वेग म्हणजे शिल्लक, आणि गुरुत्वाकर्षणाने वेगात पडणारी भर म्हणजे त्वरण, ते पृथ्वीवर सेकंदाला साधारण ९.८ मीटर प्रति सेकंद इतकं असतं. किल्ली सुटते त्या क्षणी शिल्लक शून्य असते, पण भर पहिल्या क्षणापासून पूर्णच्या पूर्ण चालू असते.

आणि ही ओढ काही किल्ली सुटल्यावर सुरू होत नाही हं, ती तुमच्या तळहातावर असतानाही तेवढीच होती, किल्लीचं जे वजन हाताला जाणवत होतं ते तेच. फक्त तळहात तेवढ्याच जोराने वर रेटत होता म्हणून हिशेब जुळत होता. बोटं उघडली, वरचा रेटा गेला, खालची ओढ एकटी उरली, आणि किल्ली निघाली.

आता ती शून्यावर किती वेळ असते? अजिबात नाही, तो नुसता एक क्षण आहे, त्याला लांबी नाही. हातातून सुटल्यावर सेकंदाचा हजारावा भाग गेला की तिचा वेग सेकंदाला एक सेंटीमीटरच्या जवळ आलेला असतो, पण तेवढ्यात ती खाली किती आली म्हणाल तर मिलिमीटरचा दोनशेवा भाग, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. सेकंदाच्या शंभराव्या भागात अर्धा मिलिमीटर. दहाव्या भागात पाच सेंटीमीटरला थोडं कमी. म्हणून आपल्या डोळ्याला वाटतं की वस्तू आधी जरा थांबली आणि मग पडली. ती थांबलेली नसतेच, तिचं सुरुवातीचं अंतर डोळ्याला पकडता येत नाही इतकंच.

वर फेकलेल्या चेंडूचंही तेच. सगळ्यात वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य होतो, आणि बरीच मुलं परीक्षेत लिहितात की तिथे त्वरणही शून्य. खरंच शून्य असतं तर चेंडू तिथेच अधांतरी लटकून राहिला असता.

आता तुमच्या किल्लीचा हिशेब करू. तिसऱ्या मजल्याची बाल्कनी साधारण दहा मीटर उंच धरू. हवा सोडून दिली तर किल्ली जवळपास १.४३ सेकंदात खाली पोचते. त्यातल्या पहिल्या अर्ध्या सेकंदात ती फक्त सव्वा मीटर येते आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदात पावणेसहा मीटर, आणि जमिनीपाशी तिचा वेग असतो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. लोखंडी जुडगा ताशी पन्नासने येतोय आणि खाली माणूस मान वर करून हात पसरून उभा आहे. ताई, मी कळकळीने सांगतो, किल्ली जाड कापडी पिशवीत घालून टाका, आणि त्यांना झेलायला सांगू नका, बाजूला उभं राहू दे, किल्ली पडली की उचलतील. किंवा सरळ दोरीला पिशवी बांधून सोडा, जुन्या वाड्यांमध्ये लोक तेच करायचे.

एक चूक मात्र मोठी माणसंसुद्धा करतात, म्हणून लेकीला आधीच सांगून ठेवा. त्वरण ९.८ म्हणजे पहिल्या सेकंदात वस्तू ९.८ मीटर पडली असं नाही. सेकंदाच्या सुरुवातीला वेग शून्य, शेवटी ९.८, म्हणजे सरासरी ४.९, म्हणून पहिल्या सेकंदात अंतर ४.९ मीटर. अंतराच्या सूत्रात जो अर्धा येतो ना, एक छेद दोन, तो या सरासरीतून आलाय, पोरं तो पाठ करतात आणि परीक्षेत नेमका तोच विसरतात.

हे सगळं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. हल्ली बऱ्याच मोबाईलमध्ये स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेम. भिंतीवर मेजरिंग टेप चिकटवा, शून्य वरच्या बाजूला, शून्यापाशी एखादं खोडरबर धरून सोडा, खाली उशी ठेवा आणि शूट करा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत दर २४ फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या दर दहाव्या भागाला, रबर कुठे आहे ते लिहून घ्या. आकडे ४.९, १९.६, ४४.१, ७८.४ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवेत. आता लागोपाठच्या आकड्यांतला फरक काढा, ४.९, १४.७, २४.५, ३४.३. पहिल्या फरकाने सगळ्यांना भागा, १, ३, ५, ७ येतात. विषम संख्या! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वही मिटून नुसता बसून राहिलो होतो, पडणाऱ्या खोडरबराला विषम संख्या कुठून माहीत असं वाटलं होतं.

ही १, ३, ५, ७ ची ओळ गॅलिलिओला सापडली, आणि त्याच्याकडे मोबाईल सोडा, सेकंद मोजणारं धड घड्याळही नव्हतं. सरळ पडणारी वस्तू मोजायला फार जलद जाते म्हणून त्याने लाकडी फळीत गुळगुळीत खोबण करून ती तिरकी ठेवली आणि काशाची गोळी वरून सोडली, म्हणजे तेच पडणं पण सावकाश. वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी सोडायचं आणि गोळी खाली पोचेपर्यंत जमलेलं पाणी तराजूत तोलायचं. पाण्याच्या वजनावरून वेळ! पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत आर्यभट, न्यूटन, आइनस्टाइन यांच्यासोबत गॅलिलिओचाही पुतळा आहे, लेकीला एकदा नक्की घेऊन जा.

प्रश्न : नातू म्हणतो नारळ आणि सुपारी एकाच उंचीवरून सोडले तर बरोबरच खाली पडतील. मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, मला हे पटत नाही. नारळाला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे तर खरं ना? मग तो आधी यायला नको? — सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुमचं अर्धं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, नारळाला पृथ्वी जास्त जोराने ओढते, म्हणून तर तो हाताला जड लागतो. पण उरलेला अर्धा भाग असा की जड वस्तू जागची हलवायला जोरही जास्त लागतो. मार्केट यार्डात हातगाडी बघा, रिकामी गाडी एका हाताने निघते, बटाट्याची दहा पोती भरली की दोन माणसं लागतात. नारळाला ओढ पन्नासपट असेल तर त्याला हलवायला लागणारा जोरही बरोबर पन्नासपट, त्यामुळे दोघांच्या वेगात पडणारी भर सारखीच राहते.

गॅलिलिओने हे प्रयोगाशिवाय, नुसत्या विचाराने दाखवलं, १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात ते आहे, मी तेच नारळ-सुपारीवर सांगतो. समजा तुमचं म्हणणं खरं, नारळ लवकर पडतो आणि सुपारी सावकाश. आता दोघांना दोऱ्याने बांधा आणि सोडा. सुपारी मागे रेंगाळणार, म्हणजे नारळाला मागे खेचणार, म्हणजे जोडी एकट्या नारळापेक्षा सावकाश पडणार. पण जोडीचं वजन तर नारळापेक्षा जास्त आहे, म्हणजे ती जास्त लवकर पडायला हवी. एकच जोडी सावकाशही आणि लवकरही, हे कसं जमायचं? दोन्ही सारखेच पडतात असं धरलं तरच हा घोळ सुटतो.

पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती गॅलिलिओने स्वतः कुठे लिहिलेली नाही, त्याच्या शिष्याने नंतर लिहिली. त्याच्याही आधी, १५८६ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, हॉलंडमधल्या सायमन स्टेव्हिनचा. त्याने आणि त्याच्या मित्राने शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून खाली लाकडी फळीवर सोडले, आणि दोन्हींचा आवाज एकच आल्यासारखा ऐकू आला. डोळ्यापेक्षा कानावर भरवसा ठेवला, मला ही युक्ती फार आवडते, तुम्हीही तेच करा. कमरेएवढ्या उंचीवरून दोन्ही स्टीलच्या परातीत सोडा, नातवाला डोळे मिटायला सांगा, आणि खण्ण एकदा वाजलं की दोनदा ते ऐका.

पीस मात्र मागे राहतं, पण तो हवेचा प्रताप. चंद्रावर हवा नाही, तिथे १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून एकदम सोडलं, दोन्ही बरोबर खाली टेकले. त्याचा व्हिडिओ नातवाकडून मागून बघाच.

प्रश्न : मागच्या महिन्यात तळजाईकडे जाणाऱ्या चढावर गाडी लावून भाजी घ्यायला उतरलो, हँडब्रेक नीट लागला नव्हता. वळून बघतो तर गाडी मागे सरकतेय, इतकी हळू की मला वाटलं दोन पावलं टाकून धरीन. धावलो, बोनेटला हात लावला, पण थांबेना, शेवटी फुटपाथच्या कठड्याला धडकून थांबली. कुणाला लागलं नाही. पण इतकी हळू निघालेली गाडी मला का धरता आली नाही? — सहकारनगर

उत्तर : कुणाला लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. आता मनापासून ऐका, कारण हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो.

गाडी उतारावर असते तेव्हा गुरुत्वाकर्षणाची पूर्ण ओढ तिला मिळत नाही, रस्ता बराचसा भार पेलतो, उताराच्या दिशेने थोडा हिस्साच उरतो. वीस मीटर चालल्यावर एक मीटर उतरणारा रस्ता धरला तर हा हिस्सा विसावा. म्हणजे हजार किलोची गाडी उभी असताना तिला जागेवर धरायला ५० किलोचं पोतं पेलण्याएवढा जोर पुरतो. म्हणूनच उभ्या गाडीच्या चाकामागे साधी वीट लावली तरी भागतं, आणि घाटात ट्रकवाले थांबले की आधी दगड शोधतात ते उगाच नाही.

पण एकदा सुटली की गणित बदलतं. टायरचं घर्षण वजा करून वेगात दर सेकंदाला साधारण ०.३५ मीटर प्रति सेकंदाची भर पडते असं धरू. पहिल्या सेकंदात गाडी वीतभरही सरकत नाही, सतराएक सेंटीमीटर, आणि तुम्हाला तेच दिसलं, की किती हळू आहे. पाच सेकंदांनी ती चार-साडेचार मीटरवर असते आणि वेग भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. दहा सेकंदांनी साडेसतरा मीटरवर आणि ताशी साडेबारा किलोमीटर. वेळ दुप्पट झाला तर अंतर चौपट, हे जे पुस्तकात वर्ग म्हणून लिहिलेलं असतं ते इथे रस्त्यावर असं दिसतं. आपण मात्र पहिल्या सेकंदात बघितलेल्या वेगावर अंदाज बांधतो आणि धावायला लागतो.

आणि त्या दहाव्या सेकंदाला तिला एका मीटरच्या आत थांबवायची तर जोर किती लागेल? साडेसहाशे किलो वजन पेलण्याएवढा. जिथे सुरुवातीला ५० पुरत होते. कुठल्याही माणसाला ते शक्य नाही. म्हणून घरंगळणाऱ्या गाडीच्या मागे उभं राहून ती थांबवायला जाऊ नका, गाडी आणि भिंतीच्या मधे तर कधीच नाही. आरडाओरडा करून लोकांना बाजूला करा, पत्रा ठोकून मिळतो. आणि पुढच्या वेळेपासून हँडब्रेकसोबत गाडी गिअरमध्ये ठेवा, चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स, आणि चाकं वळवून ठेवा, उतारावर तोंड असेल तर फुटपाथकडे, चढावर तोंड असेल आणि फुटपाथला कठडा असेल तर फुटपाथच्या उलट बाजूला.

प्रश्न : जुलैत सिंहगडावर धो धो पावसात भिजलो. ढग एवढे उंच, मग थेंब बंदुकीच्या गोळीसारखे का लागत नाहीत? आणि गडावर ग्रॅव्हिटी कमी असते का? — धायरी

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी, कमी असते, पण पुण्यात ९.७८ असेल तर गडावर हजारात पाव भागही फरक पडत नाही, पाठीवरची सॅक हलकी झाली असं वाटलं असेल तर ते डबा संपल्यामुळे.

थेंबांचं असं. दोन किलोमीटरवरून थेंब निघाला आणि वाटेत हवा नसती तर तो ताशी ७०० किलोमीटरच्या वर वेगाने अंगावर आला असता. पण थेंबाचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढत जातो, आणि एक वेळ अशी येते की विरोध आणि वजन बरोबरीत येतात, तिथून पुढे वेग वाढतच नाही. टपोऱ्या थेंबाला हा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, भुरभुर पावसाच्या बारीक थेंबाला सातेक. कोथरूडच्या ताईंच्या किल्लीशी हे जोडून बघा. निघताना किल्लीचा वेग शून्य होता आणि त्वरण पूर्ण होतं. तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या थेंबाचं बरोबर उलटं, त्याचा वेग पूर्ण झालाय आणि त्वरण शून्य. एका टोकाला वेग नाही पण बदल आहे, दुसऱ्या टोकाला वेग आहे पण बदल नाही. हे दोन क्षण ज्याला वेगवेगळे दिसले त्याला हा धडा समजला असं मी धरतो.

प्रश्न : कॉलेजच्या कट्ट्यावर मित्र पाचशेची नोट उभी धरतो, माझी दोन बोटं नोटेच्या मधोमध, न टेकता. तो सोडेल तेव्हा पकडली तर नोट माझी. वीस वेळा हरलो. काय ट्रिक आहे? — फर्ग्युसन रस्ता

उत्तर : ट्रिक नाही रे, सगळं काम ग्रॅव्हिटी करते. नोट १५ सेंटीमीटर लांब, तुझी बोटं मधोमध, म्हणजे नोटेला तुझ्या बोटांतून निसटायला फक्त साडेसात सेंटीमीटर पडायचंय. शून्यापासून निघून तेवढं पडायला तिला सेकंदाचा आठवा भाग लागतो. आणि डोळ्याने बघून, मेंदूला कळून, बोटं मिटेपर्यंत आपल्याला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, तेवढ्यात नोट १९-२० सेंटीमीटर खाली गेलेली असते, म्हणजे बोटं अगदी खालच्या कडेला धरलीस तरी ती हातची जाणार. त्याने सोडायच्या आधीच अंदाजाने बोटं मिटलीस आणि नशिबाने जुळलं तरच मिळेल.

त्यापेक्षा तीस सेंटीमीटरची पट्टी घे. शून्य खाली, तुझी बोटं शून्यापाशी, मित्राने वरून सोडायची, तू पकडायची आणि बोटं कुठल्या आकड्यावर बसली ते बघायचं. १५ वर पकडलीस तर तुला ०.१७५ सेकंद लागले, २० वर तर ०.२, २५ वर तर ०.२२६. आकडा लिहून ठेव, दहा वेळा कर, सरासरी काढ. मग कानाला मोबाईल लावून आईशी बोलता बोलता तेच दहा वेळा कर, आणि पट्टी किती सेंटीमीटर जास्त खाली जाते ते आम्हाला कळव, पुढच्या अंकात छापू.